सांदवाडीतली पेटी, शिवारातली माशी

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, मधपेटी ठेवली की येणारा-जाणारा पहिला प्रश्न मधाचा विचारतो: किती निघतो? दुसरा चावण्याचा. दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. सातेरी माशीची भरलेली वसाहत चांगल्या फुलोऱ्याच्या भागात वर्षाला पाच-सात किलो मध देते, आणि आपण घाई केली, धक्का दिला, तर चावते. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि नवशिक्याचं सगळं यशापयश त्यातच अडकलेलं असतं. या माश्या खाणार काय, कुणाच्या वावरातलं, आणि कोणत्या महिन्यात?

माझी पेटी पवनारची. पवनार वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, नागपूर रस्त्याला, धाम नदीच्या काठी. टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम. तिथेच १९५९ साली त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. बाहेरच्या माणसाला पवनार ठाऊक असतं ते एवढ्यासाठी. माशीचं पवनार वेगळं आहे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, हिवाळ्यात चणा, विहिरीच्या पाण्यावर थोडी केळी आणि भाजीपाला. धुऱ्यांवर बाभूळ, कडुनिंब, बोर. ओढ्याकाठी करंज आणि जांभूळ. महाराष्ट्रात मधमाशीपालनाची घडी बसली ती महाबळेश्वरच्या डोंगरात. तिथला पाऊस आणि तिथला फुलोरा धरून शिकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. इथलं पंचांग ज्याचं त्याला मांडावं लागतं.

माशी निवडण्यापासूनच सुरुवात होते. आग्या माशी उंच झाडाला, पुलाच्या कमानीला, पाण्याच्या टाकीला एकच मोठं पोळं लटकवते. ते उघड्यावरच असतं. तिला पेटीत घालता येत नाही. फुलोरी कुंपणाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं बांधते. तीही अंधारात राहत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकापुढे एक समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पेटी मानवते. चौथी मेलिफेरा, युरोपातून आणलेली. १९६०च्या दशकात हिमाचल-पंजाबात तिचा जम बसला आणि तिथून ती देशभर गेली. ती मध कितीतरी जास्त देते, पण तिचा धंदा ट्रकवर चालतो. मोहरी संपली की दुसऱ्या पिकाकडे, तिथून तिसऱ्या जिल्ह्याकडे पेट्या हलवाव्या लागतात. घरामागे एक पेटी ठेवून बसणाऱ्यासाठी सातेरीच बरी. ती इथलीच आहे, इथल्या उन्हाची आणि इथल्या शत्रूंची तिला ओळख आहे.

मगनवाडीची शिकवण

वर्ध्याला मधपेटी नवी नाही. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली आणि मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, गूळ, हातसडीचा तांदूळ यांच्या जोडीला संघाच्या कामात मधमाशीपालनही होतं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे उभं आहे.

गांधीजींना या धंद्यात गोडी वाटली त्याचं कारण मध काढण्याच्या रीतीत आहे. जुन्या रीतीनं पोळं काढायचं म्हणजे रात्री पेटती मशाल लावायची, माश्या जाळायच्या किंवा हाकलायच्या, आणि अंडी-अळ्यांसकट पोळं कापून फडक्यात पिळायचं. त्या मधात पिल्लांचा रस उतरतो आणि वसाहत संपते. चौकटीच्या पेटीत मधाची चौकट तेवढी उचलायची, पोळ्यावरचं मेणाचं पातळ झाकण सुरीनं खरवडायचं, चौकट मधयंत्रात फिरवायची. मध बाहेर, पोळं शाबूत. तीच चौकट परत पेटीत ठेवली की माश्या पुन्हा भरायला लागतात.

हे शक्य झालं ते एका बारीक मापामुळे. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं की दोन वस्तूंमध्ये माशीला जेमतेम जाता येईल एवढी, म्हणजे पाऊण-एक सेंटिमीटरची फट असली तर माशी ती वाट म्हणून मोकळी सोडते. त्याहून जास्त जागा असली तर तिथे पोळं बांधते. या फटीचा हिशेब धरून त्यांनी उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी केली. आपली सातेरी अंगानं लहान. तिच्या मापाची पेटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन या मिशनऱ्यानं तयार केली, आणि न्यूटन पेटी या नावानं ती अजून चालते.

कुमारप्पांनी तुरुंगात असताना लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत. दुसऱ्याच्या जिवावर जगणारी, लुटून नेणारी, स्वतःच्या कष्टानं मिळवणारी, समूहासाठी झटणारी आणि शेवटी निव्वळ सेवेची. समूहासाठी झटणाऱ्या पायरीला त्यांनी उदाहरण घेतलं मधमाशीचं. मगनवाडीत बसलेल्या माणसाला ते सुचावं यात नवल नाही. पण पेटी घरी आणल्यावर कळतं की हा समूह पेटीच्या फळीपाशी संपत नाही. वावराचा मालक, फवारणारा मजूर, धुऱ्यावरची बाभूळ तोडणारा, हे सगळे त्यात येतात.

दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं पुढे आग्या माशीच्या मधावर काम केलं. रानातल्या मध काढणाऱ्यांना पोळ्यातला मधाचा तेवढा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग राखायचा, हे शिकवण्याचं. पेटीत न मावणाऱ्या माशीलाही मगनवाडीचा नियम लावता येतो, हे त्यातून दिसलं.

पेटीच्या आत

माझी वसाहत आली ती गावातल्या एका पडक्या घराच्या मातीच्या भिंतीतून. घर पाडायचं ठरलं होतं. मोहोळ हलवलं नसतं तर मातीखाली गेलं असतं. एका जुन्या जाणत्या मधपाळानं ते काढलं. धुराला तुराट्यांचा भुगा आणि गोवरीचा तुकडा. पोळी एकेक करून अलगद कापली, पिल्लांची पोळी चौकटीत उभी धरली आणि कापसाच्या सुतानं बांधली. राणी दिसली तशी ती आधी आत घातली. राणी आत गेल्यावर बाकीच्यांना बोलवावं लागत नाही. त्या दारापाशी शेपूट वर करून पंख फडफडवतात, आणि तो वास धरून उरलेल्या माश्या ओळीनं आत शिरतात. काही दिवसांनी चौकटी पाहिल्या तर पोळी लाकडाला मेणानं पक्की चिकटवलेली होती आणि सुताचे धागे कुरतडून पेटीबाहेर टाकलेले होते.

पेटी स्थानिक सुताराकडून करून घेतलेली. लाकूड उत्तम, सांधे घट्ट, पण दोन चौकटींत आणि भिंतीत अर्ध्या बोटाची जागा जास्त. माश्यांनी तिथे आडवं पोळं बांधलं, दोन चौकटी एकमेकींना जोडून टाकल्या. एक उचलली की दुसरी फाटायची. लँगस्ट्रॉथचं माप पुस्तकात वाचलेलं असतं. ते खरं किती बारीक आहे, हे मध गळणाऱ्या चौकटीकडे बघून समजतं. पेटी करून घ्यायची तर सुताराला नकाशा देऊ नये, चांगली चालू पेटीच नेऊन दाखवावी.

चौकट उन्हाकडे धरली की वसाहतीची तब्येत वाचता येते. मधोमध पिल्लं, भोवती परागाची रंगीत कमान, वरच्या कडेला मध. घराच्या तळाशी उभं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसलं तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे येऊन गेली आहे. तिला शोधत बसायची गरज नाही. झाकलेली घरं सलग असली तर वसाहत जोमात. मध्ये-मध्ये रिकामी भोकं पडली तर काहीतरी बिघडलं आहे. नरांची घरं थोडी मोठी, फुगीर टोपीची, आणि सातेरीत त्या प्रत्येक टोपीच्या टोकाला टाचणीनं टोचल्यासारखं छिद्र असतं. मेलिफेरात ते नसतं. पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणारी लांबट राणीघरं दिसली तर वसाहत दुभंगायच्या बेतात आहे: जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघेल. तेव्हा नव्या पेटीची तयारी ठेवायची.

दारातही बघण्यासारखं पुष्कळ असतं. उन्हं चढली की काही माश्या दारात उभ्या राहून पंखानं वारा घालतात. मेलिफेरा तोंड पेटीकडे करून आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर करून बाहेरची हवा आत ढकलते. अंगणात खुर्ची टाकून बसलं तर उघड्या डोळ्यांनी हा फरक दिसतो.

शत्रूही दारातच भेटतात. मुंग्यांसाठी पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यात आणि त्या कोरड्या पडता कामा नयेत. गांधीलमाशी दारासमोर घिरट्या घालते. वेडा राघू विजेच्या तारेवर बसतो, झेप घेतो, परत येऊन माशी तारेवर आपटतो आणि गिळतो. त्याला हाकलण्यात अर्थ नाही. भरलेल्या वसाहतीला तेवढी घट सोसते. खरा घातकी म्हणजे मेणपतंग. वसाहत दुबळी झाली, पोळी माश्यांविना उघडी पडली की त्याच्या अळ्या मेणात बोगदे करतात आणि जाळ्यांनी सगळं गुंडाळून टाकतात. त्यावर उपाय एकच: तळपाट साफ ठेवणं आणि माश्या नसलेलं जुनं पोळं वेळीच काढून घेणं.

शिवाराचं पंचांग

सातेरी साधारण एक किलोमीटरच्या आत-बाहेर चरते. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत पावणेआठशे एकर येतात. सांदवाडीची आपली जागा गुंठाभर. म्हणजे घरची तुळस, झेंडू, शेवगा यांनी वसाहत जगत नाही. जगवतात ते ओळखीचे-अनोळखी शेतकरी.

पवनारचं साल माशीच्या हिशेबानं पावसाळा सरताना सुरू होतं. भाद्रपद-आश्विनात बोरी फुलतात, बांधावरचा तरोटा पराग देतो, पऱ्हाटी फुलावर असते. कापसाची माशीशी तऱ्हाच निराळी. तिचे परागकण मोठे आणि काटेरी, माशीला नीट गोळा करता येत नाहीत. पण पानाच्या मागच्या शिरेवर आणि फुलाबाहेरच्या पानांवर तिला मकरंदाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे फूल नसलेल्या झाडावरही माशी दिसते. दिवाळीच्या मागेपुढे तूर कळीवर येते आणि मार्गशीर्षापर्यंत वावरं पिवळी राहतात. पवनारच्या पेटीचा खरा सुगीचा काळ हाच. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागांना आंबिया बहार येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. तिकडे पेटी असेल तर दुसरी सुगी मिळते. फाल्गुनात पळस आणि शेवगा, चैत्रात कडुनिंब आणि जांभूळ, वैशाखात करंज, त्यानंतर चिंच.

आणि मग दोन खड्डे. एक मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंतचा, दुसरा आषाढ-श्रावणातला, जेव्हा सगळं हिरवं असतं पण माशीच्या कामाचं थोडं. झडीच्या दिवसांत तर ती बाहेरच पडू शकत नाही. तेव्हा साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा लागतो. दिवसा ठेवला, सांडला, तर आसपासच्या वसाहतींतल्या माश्या लुटायला येतात. बाहेर हिरवंगार आणि पेटीत उपासमार, हे नवशिक्याच्या पचनी पडायला वेळ लागतो. पेटी मागच्या बाजूनं किंचित उचलून वजन पाहायची सवय लागली की झाकण न उघडताही साठा कळतो.

वैशाखातली परीक्षा

पिल्लांच्या जागी माश्या ३४-३५ अंश तापमान राखतात. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे थंड प्रदेशातली माशी हिवाळ्यात पेटी ऊबदार ठेवायला झटते, तर आपली उन्हाळ्यात थंड ठेवायला. ती पाणी आणते, घरांच्या कडांवर थेंब पसरते आणि वाऱ्यानं ते उडवते. या काळात मकरंद आणणाऱ्या कित्येक माश्या नुसत्या पाणक्या होतात. पाणी जवळ नसेल तर सगळा दिवस त्यातच जातो. मातीच्या पसरट परळात खडे टाकून पाणी ठेवलं की त्या खड्यांवर उतरून पितात. खडे नसले तर बुडतात. पेटीवर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ ओलं. वर कडुनिंबाची दाट सावली, नाहीतर तुराट्यांचा मांडव.

एवढं करूनही सातेरी जाते. हा तिचा स्वभाव आहे. ऊन, उपासमार, मेणपतंग, वारंवार उघडझाप, यांतलं काहीही असह्य झालं की ती घर सोडते. माझ्या पेटीतली पहिली वसाहत अशीच ऐन वैशाखात गेली. आधी राणीनं अंडी घालणं थांबवलं, पराग येणं कमी झालं, असलेली पिल्लं बाहेर पडली, मध पिऊन संपला. एका सकाळी पेटीवर ढग उठला आणि नदीच्या बाजूला निघून गेला. मागे पोळी स्वच्छ, एकही मेलेली माशी नाही. रोगानं मेलेल्या वसाहतीपासून ही वेगळी ओळखता येते. दक्षिणेत १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूनं सातेरीच्या वसाहती हजारोंनी संपवल्या, तेव्हा पोळ्यांत पिशवीसारख्या फुगलेल्या, मेलेल्या अळ्या सापडत. इथे तसं काही नव्हतं. परिसर परवडेना म्हणून हिशेबी स्थलांतर झालं, एवढंच.

बाजारात दारावर लावायची पट्टी मिळते. तिच्या फटीतून कामकरी जाते, राणी अडते. नवी वसाहत बसेपर्यंत ती कामाची आहे. उन्हाळाभर लावून ठेवली तर उपयोग नाही. जायचं ठरलेली वसाहत कोंडून ठेवली की आत खंगते. सावली, पाणी आणि पाक देऊन जायची गरजच पडू न देणं, हाच इलाज. दुसरी वसाहत दिवाळीनंतर आली, तुरीच्या जोरावर भरली आणि पुढचा उन्हाळा काढून गेली.

फवारा

ऊन एकवेळ सोसतं. फवारणी नाही. सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, तिन्हींवर कीटकनाशकं मारली जातात, आणि नेमकी फुलोऱ्यातच बोंडअळी, शेंगा पोखरणारी अळी येते. या रसायनांचं माणसांवर काय होतं हे शेजारच्या यवतमाळनं २०१७ साली पाहिलं. फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे माणसाला मारतं ते माशीला वाचवणार नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधं झाडाच्या रसात भिनतात, तिथून परागात आणि मकरंदात उतरतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये या दोघांसह क्लोथियानिडिनच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ती कृषी केंद्राच्या फळीवर सहज मिळतात.

फवाऱ्याच्या दुसऱ्या सकाळी पेटीसमोरची जमीन सांगते काय झालं ते. माश्या गोल-गोल फिरतात, उडता येत नाही, जीभ बाहेर आलेली. दारातल्या पहारेकरी त्यांना आत घेत नाहीत.

शेतकऱ्याला दोष देऊन चालत नाही, कारण त्याचीही अडचण असते. धुऱ्याला धुरा लागलेल्या वावरातले काका स्वतःहून सांगायला आले.

“उद्या सकाळी फवारा हाय जी ताई. तुमच्या माश्या कोंडून ठेवजा.”

“दिवसभर कोंडल्या तर गुदमरतील, काका. सायंकाळी नाही जमणार?”

“जमते. पण पंप भाड्याचा हाय, अन् मजूर चार वाजता जाते.”

सगळी कृषिपुस्तकं सायंकाळी फवारा म्हणतात. भाड्याचा पंप आणि चार वाजता सुटणारा मजूर त्यांत नसतो. आमच्यात तडजोड झाली ती अशी: फुलावर आलेला तुरीचा पट्टा शेवटी घ्यायचा, उन्हं उतरल्यावर, आणि मी आदल्या रात्री पेटीचं दार जाळीनं बंद करून वर ओलं गोणपाट टाकायचं, दुपारी उघडायचं. काही माश्या तरी मेल्याच. पण वसाहत राहिली. पुढच्या वेळी काकांनी न विचारता दोन दिवस आधी सांगितलं. त्यांच्या तुरीवर माश्या येतात, याचं त्यांनाही आता अप्रूप आहे. तुरीत काही प्रमाणात परपरागीभवन होतं आणि ते माश्यांकडूनच. त्यामुळे हा व्यवहार एकतर्फी नाही.

हिशेब

सुगीला पेटीवर मधकोठी चढवली, तुरीचा मध भरला आणि वरची घरं मेणानं झाकली गेली, तेव्हाच काढायचा. न झाकलेला मध पातळ असतो, पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या वर गेला की तो आंबतो. पिल्लांच्या कोठीतला मध माशीचा, त्याला हात लावायचा नाही. एवढं पाळून जे मिळतं त्यात वर्षभराची घरची बरणी भरते, वर चार शेजाऱ्यांना पाव-पाव किलो देता येतो. फवारणीचा सांगावा वेळेवर आणण्यात त्या पाव किलोचा वाटा मोठा.

पोटापाण्यासाठी करायचं असेल तर एका पेटीनं भागत नाही. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्यांसाठी ५० टक्के अनुदान आहे, बाकीची निम्मी गुंतवणूक आपली. प्रशिक्षणही तिथेच मिळतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. त्या गावाला जंगल लाभलेलं आहे. कापसाच्या मुलखात असं गाव करायचं तर आधी फवारणीचं वेळापत्रक गावानं मिळून ठरवावं लागेल. ग्रामसभेत तो विषय घेतला तर अनुदानापेक्षा जास्त उपयोग होईल.

वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या मागेपुढे तूर कळीवर येते. सातेरीची पेटी सुरू करायला विदर्भात याहून बरा काळ नाही. उन्हाळ्याआधी वसाहतीला भरायला चार-पाच महिने मिळतात. ज्यांना हौस आहे त्यांनी पेटी जरूर घ्यावी, पण पैसे मोजण्याआधी दोन कामं करावीत. घराभोवतीच्या किलोमीटरभर शिवारात कोणत्या महिन्यात काय फुलतं ते वहीत मांडावं, आणि त्या शिवारातल्या शेतकऱ्यांना एकदा भेटावं. आणि ज्यांना पेटी घ्यायची नाही, पण ज्यांचं वावर आहे, त्यांनी एवढंच करावं: पीक फुलावर असताना फवारा टाळावा, टाळता आला नाही तर उन्हं उतरल्यावर घ्यावा, आणि शेजारी पेटी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं.